अंगणात गिअरबॉक्स उतरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे बाहेरचे लोक थट्टेवारी नेतात. पण १९५४ साली टेल्कोने जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले ते जर्मनीच्या डायमलर-बेन्झला सोबत घेऊनच. तो करार १९६९ साली संपला. पुढचं संशोधन परभणीच्या जिंतूर तालुक्यातल्या बोरीत, घरासमोरच्या अंगणात चालू आहे. इच्छुकांसाठी त्याचा हा सारांश. कृती टाटा ४०७ ची आहे. गाडी मोठी असल्यास माणसं वाढवावीत.

मुहूर्त पाहू नये. भाडं ठरलं की गिअरबॉक्स स्वतःच मुहूर्त काढतो.

आधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. 'गाडी गिअरात आहे की!' असं जो म्हणेल त्याला चहा सांगायला पाठवावं. जॉइंट शाफ्ट सुटला की गिअरबॉक्सचा मागच्या चाकांशी संबंध संपतो. मग गाडी कितीही गिअरात असो, उतार मिळाला की ती एकटीच जिंतूरला निघते.

शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एक सलग खूण करावी. शाफ्ट तोल साधून बनवलेला असतो. तो फिरवून भलत्याच भोकांत बसवला, तर वेग घेताच केबिनमधला देवही थरथरू लागतो. खडूची खूण चालणार नाही; कुणीतरी उत्साही माणूस तेवढ्यात डिझेलने फ्लँज लख्ख पुसून ठेवतो. क्रॉसच्या टोप्या उगाच उघडू नयेत. आतल्या बारीक सुया मातीत सांडतात, पोरं वेचायला बसतात, सगळ्या काही सापडत नाहीत, आणि तरीही बसवताना एक उरतेच.

ऑइल काढायला घरातली परात मागू नये. गिअर ऑइलचा गंधकी वास पुढे कित्येक दिवस भाकरीला येतो.

बेल हाउसिंगचा सगळ्यात वरचा बोल्ट दिसत नाही, फक्त बोटाला लागतो. त्याला बसणारा पाना शेजाऱ्याने ट्रॅक्टरसाठी नेलेला असतो. तो परत आला की खाली जॅक द्यावा, बाजूला जुना टायर टाकावा आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा. टॉप शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत वजन सोडायचं नाही. मध्येच लोंबकळला की प्लेट वाकलीच. या वेळी एकानेच बोलावं. बोरीत ही अट अजून कुणी पाळलेली नाही.

बसवताना हेच उलट क्रमाने करावं, असं कंपनीच्या पुस्तकात असतं. लिहिणाऱ्याने गिअरबॉक्स खालून वर उचललेला दिसत नाही. म्हणून उतरवायला आलेल्यांना नुसत्या चहावर वाटेला लावू नये, भजी सांगावीत. चढवायलाही तीच मंडळी लागणार आहेत.