दुसऱ्या धड्याची दरखास्त

परोपकार हा स्वदेशात करावयाचा म्हटला म्हणजे त्याला फारसे भांडवल लागत नाही, आणि म्हणूनच की काय, त्याला फारशी प्रतिष्ठाही नसते. गल्लीतील एखाद्या मुलास इंग्रजीचे चार धडे फुकट शिकविले, तर त्याची आई संक्रांतीला तिळाचे दोन लाडू जास्त हातावर ठेवते, याहून अधिक काही घडत नाही; परंतु तेच चार धडे विषुववृत्त ओलांडून, पिवळ्या तापाची लस टोचून घेऊन आणि विमानाचे भाडे पदरचे भरून शिकविले, की मनुष्य एकदम स्वयंसेवक या पदवीस पोहोचतो, आणि परत आल्यावर त्याचा परिचय करून देणाऱ्या वक्त्याची निदान दहा मिनिटांची सोय होते. कॉलेजात शिकत असताना मी टांझानियात गेलो, तो अर्थात या दुसऱ्या प्रकारच्या परोपकारासाठी.

फुकट राबण्याची इच्छा ही मूलतःच संशयास्पद असून तिची रीतसर चौकशी झाली पाहिजे, असे तेथील सरकारचे रास्त मत आहे. सबब, परदेशी स्वयंसेवकास 'सी' वर्गाचा निवास-परवाना काढावा लागतो, आणि त्यासाठी अर्ज, छायाचित्रे, शिफारसपत्र व फी यांचा भरणा करावा लागतो. म्हणजे पगार न घेण्याबद्दल पैसे मोजावे लागतात. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात बालपणाचा काही भाग घालविलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत इतकी ओळखीची वाटली, की आपण परमुलखात आलो आहोत हे ध्यानात येण्यास बराच अवधी लागला.

दार-एस-सलाम येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेले माझे मामा मला विमानतळावर घ्यावयास आले होते. गाडीत बसताच त्यांनी विचारले, "काय रे, बारावीला इंग्रजीत किती पडले होते तुला?" मी आकडा सांगितला. मामांनी बराच वेळ समोरच्या रहदारीकडे पाहिले, आणि मग उदारपणे म्हणाले, "असू दे. लांबचा मुलूख आहे. कोण येतंय गुणपत्रिका बघायला!"

माझी नेमणूक झाली ती उत्तरेकडील मोशी या गावाजवळच्या एका शाळेवर. 5,895 मीटर उंचीचा किलिमांजारो या गावाच्या उशाशी उभा आहे असे भूगोलात सांगितलेले असते, आणि ते खरेही आहे. फक्त हा पर्वत सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ दर्शन देतो, आणि ऐन कामकाजाच्या वेळी, एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या इतमामाने, ढगांचा पडदा ओढून आत बसतो. शाळेच्या सभोवार केळी आणि कॉफी यांची लागवड होती. वर्गात एकेका बाकावर तिघेतिघे बसलेले असत, आणि मी आत पाऊल टाकताच सगळा वर्ग उभा राहून माझ्या प्रकृतीची अशा एका सुरात चौकशी करी, की तब्येत बरी नसली तरी ती बरी असल्याचे जाहीर करावे लागे.

तेथील सरकारी शाळांत पहिली सात वर्षे सारे शिक्षण स्वाहिलीतून चालते, आणि माध्यमिक शाळेचा उंबरठा ओलांडताच गणित, भूगोल, जीवशास्त्र हे सारे विषय एका रात्रीत इंग्रजी बोलू लागतात. 2016 पासून सरकारने चौथ्या फॉर्मपर्यंतची फी माफ केली, त्यामुळे वर्ग मुलांनी भरले. परंतु जी अडचण पूर्वी फी भरून सोसावी लागे ती आता फुकट सोसावयास मिळू लागली, एवढाच भाषेच्या बाबतीत फरक. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला शास्त्रशाखेत दाखल झालेल्या ज्या कोणा वाचकाने भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला गंभीरपणे मान डोलावीत वही भरली असेल, त्याला त्या मुलांची स्थिती निराळी वर्णून सांगावयास नको. फळ्यावरील मजकूर ती मुले कमालीच्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेत, आणि आदल्या तासाच्या शिक्षकांनी पुसताना अर्धवट राहिलेली बेरीजही माझ्या व्याकरणाच्या शेजारी त्याच निष्ठेने नोंदवीत. मीही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधाराने इंग्रजीचा डोंगर चढलेला मनुष्य असल्यामुळे, त्या वह्या तपासताना मला परकेपणा असा कधी वाटला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या आधी त्या वर्गावर युरोप-अमेरिकेतील अनेक स्वयंसेवक येऊन गेले होते. प्रत्येकाची मुदत थोड्या आठवड्यांची; आणि आरंभ नेहमी आरंभापासूनच करावा या तर्कशुद्ध विचाराने प्रत्येकाने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली होती. परिणामी आपले नाव सांगणे, दुसऱ्याचे विचारणे, आणि डोके, खांदे, गुडघे व पायांची बोटे यांना क्रमाने हात लावीत गाणे म्हणणे, एवढ्या विषयात त्या मुलांनी जे नैपुण्य संपादन केले होते ते प्रत्यक्ष लंडनच्या रहिवाशातही क्वचित आढळेल. दुसरा धडा मात्र कोणीही पाहिलेला नव्हता. आणि मुले इतकी सुसंस्कृत, की नवा स्वयंसेवक येताच ती पुन्हा नव्याने अज्ञान धारण करीत. पहिल्या दिवशी अडखळत, पुढे बेताबेताने सुधारत, आणि निरोपसमारंभापर्यंत अस्खलित होत. स्वयंसेवक डोळे पुसत विमानात बसे, आणि वर्ग पुढच्या पाहुण्यासाठी पुन्हा निरक्षर होई.

हे गुपित मला कळले ते शेवटच्या बाकावरील एका मुलीमुळे. माझे बोट खांद्यापाशी घोटाळत होते, तोवर तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर जाऊन माझी वाट पाहात थांबले होते. तासानंतर मी ही शंका तेथील इंग्रजीच्या शिक्षकांपुढे ठेवली. ते शांतपणे म्हणाले, "पाहुण्याचे मन मोडू नये असे आम्ही मुलांना शिकवितो. शिवाय स्वयंसेवकांनाही थोडा सराव होतो." ज्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे हे पेशाने शिक्षक, ज्यांना सारा देश आजही 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणूनच ओळखतो, आणि ज्यांनी राज्यकारभार चालवीत असताना शेक्सपिअरचे 'ज्यूलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' ही नाटके स्वाहिलीत उतरविली, त्या देशात आपण "हा चेंडू आहे" हे वाक्य घेऊन आलो आहोत, याची जाणीव त्या दिवशी मला प्रथम झाली.

चेंडूचा विषय निघालाच आहे, तर फुटबॉलकडे वळले पाहिजे. मी मूळचा कोल्हापूरचा. म्हणजे स्वतः कधी चेंडूला पाय न लावताही फुटबॉलविषयी ठाम मत बाळगण्याचा मला जन्मसिद्ध हक्क आहे. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्या निष्ठा कशा भिडतात हे पाहिलेल्या मनुष्याला टांझानियाचे राजकारण समजावून द्यावे लागत नाही. तेथे यांगा (स्थापना 1935) आणि सिंबा (स्थापना 1936) असे दार-एस-सलामचे दोन संघ आहेत, आणि सारा देश या दोहोंत वाटला गेला आहे. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक यांगाचे, तर गणिताचे शिक्षक सिंबाचे. या संघांच्या सामन्याच्या दिवशी एकमेकांकडे खडूसुद्धा मागावयाचा नाही, असा शिक्षकखोलीत अलिखित तहनामा होता. मी तटस्थ असल्याचे जाहीर केले. तटस्थ मनुष्य हा कोल्हापुरात काय किंवा मोशीत काय, दोन्ही पक्षांना सारखाच बिनभरवशाचा वाटतो. तेव्हा शाळेतील सामन्यांचा पंच होण्यास मीच सर्वस्वी पात्र ठरलो.

सामने दहा वाजता होत. स्वाहिली घड्याळ आपल्या पंचांगाप्रमाणे सूर्योदयापासून तास मोजते, त्यामुळे त्यांचे दहा म्हणजे आपले दुपारचे चार. ही बाब कानावर न आलेला एक डच स्वयंसेवक सकाळच्या दहापासून संपूर्ण पोशाखात मैदानावर उभा होता. चार वाजता मुले आली तेव्हा तो शेळ्यांशी बोलू लागला होता.

चेंडू मुले स्वतः करीत. पूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशव्या एकीत एक कोंबून व वरून सुतळी आवळून होत असे. पण 1 जून 2019 पासून सरकारने त्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि बंदी म्हणजे बंदी असा त्या लोकांचा काही विचित्र समज असल्यामुळे कच्च्या मालाचा तुटवडा पडला. (आपल्याकडे 2018 च्या बंदीनंतर हा प्रश्न निर्माण झाला नाही, हे वेगळे.) मग चिंध्या आणि गोणपाट यांवर भागवावे लागे. दोन सख्खे भाऊ बुटांच्या एकाच जोडीत खेळत: थोरल्याच्या उजव्या पायात उजवा, धाकट्याच्या डाव्या पायात डावा, आणि दोघांनी आपापल्या बाजूने खेळावे अशी त्यामुळे आपोआप व्यूहरचना होई.

अशाच एका सामन्यात मी शिट्टी फुंकून पेनल्टी दिली. ज्याच्याविरुद्ध दिली तो मुलगा वर्गात नावापलीकडे कधी इंग्रजी बोललेला नव्हता. तो धावत माझ्यापुढे आला आणि छातीवर हात ठेवून ओरडला, "सर, ही हॅड फॉलन बिफोर आय टच्ड हिम!" जो पूर्ण भूतकाळ मी फळ्यावर रेघा ओढून ओढून शिकवीत होतो, तो अंगावर धूळ माखून, निर्दोष स्थितीत माझ्यासमोर उभा होता. मला गहिवरून आले आणि मी पेनल्टी रद्द केली. तोच दुसऱ्या पक्षाचा कप्तान पुढे सरसावून, मी जर चांगला पंच असतो तर काय केले असते, हे मला संपूर्ण संकेतार्थी वाक्यात ऐकवून गेला.

तेव्हापासून मी बुद्धिपुरस्सर चुकीचे निर्णय देऊ लागलो. एका वादग्रस्त ऑफसाइडने जेवढी क्रियापदे बाहेर पडत तेवढी माझ्या आठवड्याभराच्या तासांत पडत नसत. अन्यायाने भाषा सुधारते हे काही माझे संशोधन नव्हे; आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने इंग्रजीवर जी हुकमत मिळविली, ती बहुतांशी वरिष्ठांकडे दाद मागणारे अर्ज लिहितानाच.

मोठेपणी कोण होणार, असे विचारले तर निम्मा वर्ग 'समात्ता' म्हणे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळलेला पहिला टांझानियन म्हणजे हा एम्बवाना समात्ता. 2020 च्या जानेवारीत तो ॲस्टन व्हिलाकडे गेला, आणि 1 मार्चला वेम्ब्लीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याने गोल केला. तो सामना व्हिला हरले, हा तपशील त्या मुलांच्या इतिहासात नाही.

या लेखाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरातून एखादा तरुण याच कार्यासाठी त्या बाजूला निघाला असेल, तर त्याच्यासाठी ही विनंती. चेंडू नेऊ नयेत. दात्यांनी दिलेले चांगले चामडी चेंडू शाळेच्या कपाटात हवा गेलेल्या अवस्थेत पडून आहेत, पंपही आहे, फक्त पंपाची सुई नाही. ती न्यावी, आणि शिकवणीस दुसऱ्या धड्यापासून सुरुवात करावी. पहिल्यात काही अडलेच तर मुले सांगतील. सुया मात्र दोन न्याव्यात. एक हमखास हरवते.