धडधाकट अर्जदारांसाठी दिव्यांग योजनेची मार्गदर्शिका

सर्वप्रथम पात्रता पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग म्हणून ऑनलाइन अर्ज करू इच्छिणाऱ्याची नजर तीक्ष्ण, बोटं शाबूत आणि अंगठ्यावरच्या रेषा ठळक असाव्यात. पाय निदान जिल्ह्याच्या गावापर्यंतची एसटी झेपेल इतके तरी चालते हवेत. एवढी प्रकृती नसलेल्यांनी घरात एक पुतण्या तयार ठेवावा. तो बारावी नापास असला तरी चालेल, पण त्याच्या मोबाइलचा दिवसाचा डेटा दुपारीच संपलेला नसावा. हा पुतण्या कुठल्याही शासन निर्णयात सापडणार नाही. योजना मात्र त्याच्याच जिवावर चालते.

आता पुतण्याला ‘स्वावलंबन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळापुढे बसवावं. पगार म्हणजे पेन्शनचे पैसे पुढची गोष्ट. आधी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि त्यावरचा अठरा अंकी-अक्षरी क्रमांक. इथे कॅपचा नावाची वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायचं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार मान्य केले, त्यांत अंधत्व वेगळं आणि अल्पदृष्टी वेगळी. कॅपचापुढे हा भेद उरत नाही, दोघांनाही समान वागणूक मिळते. अक्षरं ओळखता आली नाहीत तर शेजारच्या गोल बाणावर टिचकी मारावी. बाण कुठे आहे, हे पुतण्याला विचारावं.

नावाच्या रकान्यात फार जपावं. आधारवरचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावरचं आणि बँकेच्या पासबुकावरचं अशी तिन्ही जुळावी लागतात. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाने इथे कितीही पुण्य केलेलं असो, उपयोग होत नाही. ज्यांना पुढेमागे दिव्यांग योजनेचा लाभ घ्यायचा आहे, त्यांनी जन्मतःच रमेश असावं.

सहीऐवजी अंगठा चालतो, ही सोय. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक कायद्याच्या त्याच यादीत आहेत. आधार पडताळणीच्या वेळी त्यांनी आपलं झिजलेलं बोट यंत्रावर ठेवावं. सेवा केंद्राचा चालक “जरा दाबून ठेवा” म्हणेल. मग “पुसून ठेवा” म्हणेल. मग “दुसरं बोट द्या” म्हणेल. त्याच्यावर रागावू नये. त्याच्यापुढच्या पडद्यावर रांगेतल्या माणसासाठी रकाना नाही, आणि मागे सातबाऱ्याला आलेले दहा जण ताटकळले आहेत.

अर्ज ऑनलाइन आहे, तपासणी नाही. ती सरकारी रुग्णालयात, ठरलेल्या वारी, डॉक्टर असले तर. पाय, कान, डोळा यांचं तिथे टक्क्यांत रूपांतर होतं. ४० टक्के ही उत्तीर्ण होण्याची रेषा. शाळेत ३५ला सोडून देत, इथे देत नाहीत. त्याखाली पांढरं कार्ड, ४०पासून पुढे पिवळं, ८०पासून निळं. पांढऱ्याचा अर्थ असा, की तुम्हाला त्रास आहे हे सरकारला मान्य आहे, आणि विषय तिथे संपतो. दिव्यांगांना घाई नसते, हेही २०२४च्या दुरुस्तीत ओळखलं गेलं: प्रमाणपत्रासाठी आधी एक महिन्याची मुदत होती, ती तीन महिने झाली.

कार्ड हाती आलं की तहसील. तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, मग समितीची बैठक. यात सगळ्यात अवघड कागद उत्पन्नाचा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. तेवढ्यात सगळ्या घराने जेवायचं, औषधं घ्यायची आणि ओटीपी येईल असा मोबाइल चालू ठेवायचा. पोलिओने पाय गेलेली एखादी बाई शिलाई मशिनवर महिन्याला साडेचार हजार कमावते असं धरा. वर्षाचे ५४,००० होतात. बाई अपात्र. तिने दिवाळीच्या ब्लाउजांची कामं नाकारायला शिकावं. स्वावलंबन कार्ड जरूर घ्यावं, स्वावलंबन टाळावं.

गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. २०२५च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झालं. हे पैसे खोटे नाहीत. ते खात्यात पडतात तेव्हा औषधवाल्याची उधारी फिटते आणि घरात दिव्यांग माणसाचं मत विचारलं जातं. म्हणून तर लोक इतकं सगळं करतात.

मंजुरीनंतर काम सोपं. फक्त जिवंत राहायचं, आणि दरवर्षी तसा दाखला द्यायचा. चेहरा ओळखणारं अॅप वापरायचं असेल तिथे कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्यांना ती जमत नाही आणि त्या हल्ल्यातले पीडितही त्याच २१ प्रकारांत आहेत. बँकेच्या डिजिटल केवायसीसाठीही हीच उघडझाप मागितली जात होती, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पडताळणी सर्वांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. निकाल उत्तम आहे. अर्जदाराने तो वाचावा, जपून ठेवावा, पण अर्जाला जोडू नये. पीडीएफ मोठी असली की ती चढत नाही.