भत्ता आणि त्याचा मांडव

काशीतील दूधविनायक या मराठी घराण्यांच्या जुन्या वस्तीत दक्षिणा, म्हणजे विद्येचा मान म्हणून दिले जाणारे दान, संस्कृतीत मोडते. तेच पैसे सरकारने बेकार पदवीधराला दरमहा दिले की त्यांना ‘रेवडी’, अर्थात मतांसाठी वाटलेला फुकटचा खाऊ, असे नाव पडते. उत्तर प्रदेशात मुलायमसिंह यादव यांच्या सरकारने 2006 मध्ये दरमहा 500 रुपयांचा बेरोजगारी भत्ता सुरू केला, मायावतींच्या सरकारने 2007 मध्ये तो बंद केला आणि 2012 मध्ये अखिलेश यादव यांनी तो 1000 रुपये करून पुन्हा आणला; बेकाराची भूक मात्र सत्तांतरागणिक चालू-बंद होण्याइतकी शिस्तशीर नव्हती. भत्त्याने तरुण आळशी होतात, असे विरोधक म्हणत, आणि महिना हजारात आळशी होण्याइतकी चैन कशी परवडते, हे कोणी विचारीत नसे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या घटनात्मक यंत्रणेने, पुढे असे दाखवून दिले की, रक्कम थेट बँक खात्यात जमा करता येत असतानाही सुमारे 20 कोटी रुपयांचे धनादेश वाटण्याच्या समारंभांवर सुमारे 15 कोटी रुपये खर्ची पडले, आणि त्यात लाभार्थ्यांची ने-आण, बैठकव्यवस्था व अल्पोपाहार यांचा समावेश होता. या योजनेने रोजगार दिलाच नाही, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे होईल. मांडववाले, बसमालक आणि हलवाई यांचा हंगाम बरा गेला.