वरच्या वजनातले अण्णा

येरमाळ्याच्या चौकात सोलापूरहून बीडकडे जाणारा हायवे आणि बार्शीहून कळंबला जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. एसटीची वाट बघणारा माणूस इथे चहाच्या हॉटेलात येऊन टेकतो आणि अण्णांच्या तावडीत सापडतो. बाकड्याचं डावं टोक अण्णांचं. उजवीकडे कुणीही बसावं, फक्त सांभाळून. कारण अण्णा एकदम उठले की उजवीकडचा माणूस चहासकट खाली जातो.

नाव-गाव अण्णा नंतर विचारतात. आधी मनगट बघतात, मग मान, मग पोटरी आणि शेवटी कान. कान फुटलेला दिसला, तर स्वतः सरकून जागा देतात, कारण तो माणूस तालमीत घासलेला असतो. कान शाबूत असेल तर वजन सांगतात. "एकाहत्तर. पर हाड चौसष्टचं हाय. बाकी समदं सासुरवाडीचं." माणूस कसनुसा हसतो. आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो.

ही नजर जत्रेतल्या फडात तयार झालेली. तिथे वजनकाटा नसतो. लंगोट लावलेली पोरं फडाला फेरी मारतात, पंच दोघांना मनगटाला धरून शेजारी उभं करतो, आणि हलगीच्या वर आवाज काढून पब्लिक ओरडतं, "जोड लागत न्हाई!" रेवडीवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत सगळा कारभार डोळ्यांवर चालतो. आसपासच्या कुठल्याही गावचा फड असो, अण्णा पंचाच्या मागे दोन पावलांवर हजर. पंचाने विचारो न विचारो, सल्ला देणार. गावच्या येडेश्वरी देवीच्या चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत लाखो भाविक चुन्याचे खडे वेचतात. त्याच गर्दीत अण्णा पैलवान वेचत असतात.

स्वतः अण्णा तरुणपणी 57 किलोत खेळायचे, असं ते सांगतात. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांची कुस्ती आठवते. निकाल मात्र कुणी सांगत नाही. आज ते 97 च्या थोडे पुढे आहेत. फ्रीस्टाइलचे गट 57, 61, 65, 70, 74, 79, 86, 92, 97 आणि 125. म्हणजे खालचे नऊच्या नऊ गट अण्णांनी एकही कुस्ती न जिंकता पार केलेत. महाराष्ट्र केसरीची गदा 86 च्या पुढच्यांसाठी असते. निव्वळ काट्यावर उभं केलं, तर अण्णांचा अर्ज बाद करता येणार नाही.

ही थट्टा कुणी करायच्या आत ते स्वतःच करतात. "वजन वाढनं येगळं आन् वरच्या वजनात जानं येगळं. पयलं मी केलंय. दुसरं खाशाबांनी."

खाशाबा जाधवांचं नाव निघालं की अण्णा चहाचा कप खाली ठेवतात. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचा हा पैलवान 52 किलोच्या गटात खेळला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला तो 57 किलोच्या गटात उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारतातल्या एका खेळाडूचं हे पहिलं ऑलिंपिक पदक.

"पाचच किलो," एखादा नवखा म्हणतो.

"पाचच?" अण्णा बाकड्यावर वळतात, उजवीकडचा माणूस बाकड्याला धरतो. "लेका, मला पाच किलो म्हंजे दोन लग्नांची बासुंदी. बावन्नच्या गड्याला पाच किलो म्हंजे अंगाचा धावा हिस्सा. तेवढं अंग नवं घडवायचं, चपळाई जुनीच ठेवायची, आन् जल्मापासून सत्तावन्नच्या हाडाचा हाय त्याला पाडायचं. कर बरं."

अण्णांचा काटा तीन प्रश्नांचा आहे. वाढलेलं वजन कुठे गेलं, मानेला-मांडीला की पोटाला? वरच्या गटात पाडलं कुणाला, तिथल्या खऱ्या मल्लाला की खालून-वरून आणून उभ्या केलेल्याला? आणि खालच्या वजनातला जो डाव नावाजलेला होता, तो वरही शेवटच्या मिनिटापर्यंत चालला का? शेवटच्या प्रश्नावर त्यांचा जोर. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत उसनं वजन कुणीही मिरवतो, दुसरीतल्या शेवटच्या दोन मिनिटांत ते पाय धरून ओढतं.

हॉटेलवाल्याचा कॉलेजात जाणारा पोरगा बॉक्सिंगवेडा आहे. त्याने एकदा मोबाइल पुढे करून सांगितलं, "अण्णा, हा फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाव. आठ वजनांत जगज्जेता. 1998 ला एक्कावन्न किलोत पहिला पट्टा घेतला, 2010 ला सत्तर किलोच्या गटातला. बोला आता."

"किती किलोला गट बदलतो त्यांच्यात?"

"खाली दीड-दोन किलोला."

"दीड किलोला? आमची म्हातारी येडाईचा डोंगर चढून उतरली तर गट बदलंल तिचा!" अण्णा खूश झाले. "आन् पट्टे किती?"

"सतरा गट. प्रत्येकात चार संघटनांचे चार."

"अडुसष्ट! एवढे पट्टे बार्शीच्या बाजारात न्हाईत. आपल्यात बग, गदा येकच."

पोरगा तयारच होता. "2023 च्या नोव्हेंबरात किती गदा झाल्या अण्णा? फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी, आणि त्याच महिन्यात आपल्या धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी. परिषदा दोन, केसरी दोन."

अण्णांनी हॉटेलवाल्याला आवाज देऊन भजी सांगितली. धाराशिवच्या त्या मैदानात ते पहिल्या रांगेत होते, त्यामुळे तो विषय तिथेच मिटवणं त्यांना सोयीचं वाटलं. "सोड ते. त्या पॅकियावच्या कुस्त्या येक-येक करून सांग."

मग भजी संपेपर्यंत पंचनामा चालला. पोरगा वाचायचा, अण्णा निकाल द्यायचे.

"2008, ऑस्कर दे ला होया. आठव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही."

"त्यो मूळचा कोणत्या वजनाचा?"

"कितीतरी वर्षं सत्तर किलोच्या गटात खेळायचा. या लढतीसाठी सदुसष्टला उतरला."

"म्हंजे ह्यो वर गेला आन् त्यो वाळवून खाली आणला. नाव मोठं, अंग रिकामं. अर्धा मार्क."

"2010, अँतोनियो मार्गारितो. गट सत्तर किलोचा, पण करार अडुसष्टचा होता."

"बग! काट्यातच दोन किलो मारली." अण्णांनी टेबलावर बोट आपटलं. "पाव मार्क."

"पुढचं ऐका ना. वजन झालं आदल्या दिवशी. पॅकियाव साडेपासष्टच भरला. लढतीच्या रात्री तो सदुसष्ट आणि मार्गारितो पंच्याहत्तर. बारा फेऱ्या खेळला, निकाल एकमताने जिंकला. मार्गारितोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं."

अण्णांनी मिरचीचं देठ बाजूला ठेवलं. आठ किलोंचा फरक, तोही त्या अंगाला. बारा फेऱ्या म्हणजे छत्तीस मिनिटं. चपळाई शेवटपर्यंत टिकली का, हे त्यांनी दोनदा विचारलं आणि पोराकडून शेवटच्या फेरीचा व्हिडिओ लावून घेतला. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाला लावून बघितला.

"पुरा मार्क," ते म्हणाले. "आठ गट कोण मोजतंय? ही येक रात मोजायची."

इतका कडक काटा एका ठिकाणी मात्र आपोआप ढिला होतो, आणि ते ठिकाण शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण घेतलं आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. आता 61 हा ऑलिंपिकचा गट नव्हे. ऑलिंपिक तोंडावर आलं की वरचे-खालचे पुष्कळ मल्ल 57 नाहीतर 65 कडे सरकतात. भारताकडून त्या वर्षी 57 ला रवी दहिया होता. पॅकियावला लावलेला दुसरा प्रश्न इथे लावायला हवा, असं पोरगा म्हणाला.

"काय बोलायलास?" अण्णा कडाडले. "जगाचं पदक हाय ते! ऑलिंपिकवाल्यांनी 61 ठिवला न्हाई, ह्यात पाटोद्याची काय चूक?"

"मी पदक लहान म्हणत नाही अण्णा. तुमचाच नियम सांगतोय."

"नियम परदेशाला हाय. मराठवाड्याला सवलत हाय." एवढं बोलून त्यांनी त्या दिवशीची सभा बरखास्त केली.

हा सगळा दरारा घरात मात्र चालत नाही. त्यांची नात शाळेच्या संघात कबड्डी खेळते. जेवताना अण्णांनी एकदा फर्मावलं की जो वर जातो तो पट्ट्याच्या लोभाने जातो. नातीने भाकरी मोडता मोडता विचारलं, "आजोबा, मेरी कोम कशाला गेली? लंडनच्या आधी पाच जागतिक सुवर्णं तिची, सगळी अठ्ठेचाळीस किलोच्या आतली. 2012 ला बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, आणि गट तीनच ठेवले. एक्कावन्न, साठ, पंच्याहत्तर. तिच्या अंगाचा गटच नव्हता. मग थोराड पोरींशी खेळून कांस्य आणलं. तिला लोभ की नाइलाज?"

अण्णांनी ठेचा वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी चौकात काट्याला चौथा प्रश्न जोडला गेलेला होता: माणूस हौसेनं वर गेला, का खालचं दारच बंद होतं? हा प्रश्न आपल्याला पहाटे देवाला जाताना सुचला, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून चारही प्रश्न ते सगळ्यांना लावतात. ग्रामपंचायतीतून जिल्हा परिषदेला उभा राहिलेला कार्यकर्ता नमस्काराला आला, तर त्याचं मनगट हातात धरून म्हणतात, "वरच्या वजनात निघालास गड्या. शेवटची दोन मिन्टं निघतील का?" कार्यकर्ता मतांची गोळाबेरीज सांगू लागतो. अण्णा त्याची पोटरी बघत असतात.

गेल्या पावसाळ्यात गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलाने त्यांना बार्शीला दवाखान्यात नेलं. काट्यावर चढायच्या आधी अण्णांनी चपला काढल्या, टोपी काढली, खिशातला मोबाइल, किल्ल्या आणि तंबाखूची डबी मुलाच्या हातात दिली. तरी 97.4 भरले. त्यांनी श्वास सोडून पुन्हा बघितलं. काटा हलला नाही.

"अण्णा, गुडघे वाचवायचे तर वजन उतरवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मुलाने आधीच कानावर घातलं असावं, कारण ते त्यांच्या भाषेत बोलले. "निदान तीन गट खाली या. शहाऐंशीला."

अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि डॉक्टरांकडे दयेने बघितलं.

"डॉक्टरसाहेब, बॉक्सिंगचा तुमचा अभ्यास दिसत न्हाई. खाली उतरला आन् स्टुलावरून उठंना झाला, त्या दे ला होयाचं काय झालं ते आमच्या हॉटेलातल्या पोराला इचारा."