पावतीनाना

गणपतीच्या वर्गणीसाठी नानांच्या दारात मंडळातलं नवं पोरगं पाठवतात. जुनी जात नाहीत. नाना एक्कावन्न रुपये काढतात, मुठीतच धरतात आणि विचारतात, "एटी-जी आहे का?"

"डीजे नाही नाना, ढोल-ताशा आहे."

पैसे मिळतात. पण आधी पावतीवर तारीख, पूर्ण नाव आणि अक्षरी रक्कम. नाना जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. लेखा शाखा मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

तसे हे नाना एकटे नव्हेत. पगारदार मराठी घरात असा एक जण असतोच. नानांच्या लोखंडी कपाटात कपडे खालच्या खणात, वरचे तीन खण पावत्यांचे. प्राप्तिकरातल्या एटी-सी वजावटीच्या फायलीत विम्याचे हप्ते आणि लेकीच्या शाळेची फी. ती लेक आता स्वतःच्या मुलांची फी भरते. एटी-डीच्या फायलीवर तर त्यांचा विशेष जीव. डॉक्टरांकडे गेले की आधी प्रकृती सांगत नाहीत, नियम सांगतात : "तपासणीचे पाच हजारांपर्यंत रोखीत चालतात, औषधाचे नाही!" हल्लीची गुळगुळीत कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी पडतात, म्हणून त्यांची लगेच झेरॉक्स. मग त्या झेरॉक्सचीही पावती. झेरॉक्सवाला त्यांना लांबून पाहिलं की चहाला जातो.

खरी बहार भाड्याच्या पावत्यांची. मुलगा नानांच्याच घरात राहतो, नोकरीत घरभाडं भत्ता मिळतो, म्हणून बापाला भाडं देतो. कायद्याला ते चालतं, बापाने ते उत्पन्नात दाखवलं की झालं. नाना दाखवतात. पण मग पाच तारीख उलटली की जेवणाच्या ताटावर "या महिन्याचं राहिलंय" असं ऐकावं लागतं. वर्षाचं भाडं लाखावर गेलं तेव्हा मुलाने कचेरीसाठी पॅन मागितला. नानांनी तो दिला, झेरॉक्सवर 'केवळ घरभाड्याच्या कामासाठी' असं लिहून, सही करून.

एवढ्या जय्यत तयारीचं दुःख एकच. कोणी बघायला येत नाही. विवरणपत्राला आता एकही कागद जोडायचा नसतो. बाकीचं जग नोटिशीला घाबरतं, नाना वाट बघतात. बेंगळुरूहून ईमेलने 'तुमचा हिशेब जुळला' एवढंच येतं, तेव्हा नाना दिवसभर गप्प असतात. "एकदा तरी बोलवावं हो त्यांनी," असं ते मला म्हणाले होते, तेव्हा चेहरा वधूपित्याचा होता.

आणि त्यात ही नवी करप्रणाली. मुलाने ती घेतली. भत्त्याची सवलत गेली आणि त्याच महिन्यात बापाचं भाडंही बंद झालं. नानांकडे रुपयाच्या रेव्हेन्यू स्टॅम्पांचा आख्खा ताव पडून आहे.

यंदा सीएकडच्या पोरीने आकडे मांडून दाखवले. "आजोबा, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य. तुमचं पेन्शन त्याच्या पुष्कळ खाली. एकही पावती लागणार नाही."

"आणि जुन्या पद्धतीत?"

"सगळ्या वजावटी धरूनही साडेअकरा हजार भरावे लागतील."

नानांनी चष्मा पुसला. "जुनीच धर."

"अहो, पण का?"

"भरले की चलन मिळतं ना? शून्याची पावती कोण देतं?"