सत्तर पानांचा हिशेब

"इथल्या माणसांच्या अंगात कामच नाही." गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या रानातली माणसं मजुरीला लावणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य बसलेलं आहे. ते साफ खोटं आहे.

मे महिन्यात विडीच्या तेंदूपानांचा हंगाम बघा. पहाटेच जंगलात शिरायचं, वाघ-अस्वलाची धास्ती घेऊन पानं तोडायची, घरी आणून 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, मोजून द्यायचा. अशा 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे 70 हजार पानं, सगळी हाताने तोडलेली आणि हातानेच जुळवलेली. मोजणाऱ्याने पुडा बाद केला की त्याची मजुरी गेली. हे काम आळशाचं आहे?

काम कमी पडतं तेव्हा कारण आधी रक्तात शोधा. गडचिरोलीच्या आदिवासींत सिकलसेल आहे. ऊन, तहान आणि दमणूक एकत्र आली की या आजारात हाडं-सांधे ठणकू लागतात, आणि तेंदूच्या हंगामात तर तिन्ही रोजचीच. पावसाळ्यात हिवताप. 1973 साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून हेमलकशाच्या दवाखान्याने मेंदूत गेलेल्या मलेरियाचे रुग्ण पाहिले आहेत. तापातून उठलेल्या माणसाला लगेच पूर्ण दिवसाचं काम झेपत नाही, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटला, तर कामावर न पोचलेल्या गड्याचा खाडा मांडणंही अन्यायच.

दुसरं कारण पैशाचं. पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या बळावर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात. ही फार मोठी गोष्ट आहे. तरी ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. मे महिन्यातल्या घामाचे पैसे जूनमध्ये बियाण्याला हाती नसतील, तर पुढच्या वर्षी त्या घरातली बाई त्याच फळीवर कशाच्या भरवशावर जाईल?

ग्रामसभांनो, पुढच्या करारात लिहूनच घ्या: फळीवर पिण्याचं पाणी, हंगामाआधी रक्ततपासणी आणि दर आठवड्याला चुकारा. तपासणी कुणाला कामावरून काढायला नव्हे, औषध आणि विसावा द्यायला. एवढं ज्याला परवडत नाही, त्या ठेकेदाराला आपल्या जंगलातलं एक पानही देऊ नका.