साडेआठ तोळे लाकूड

सदाशिव पेठेत एखादी वस्तू बदलायची असेल, तर आधी ती मोडावी लागते. छत्रीची काडी, कुकरची शिट्टी, चपलेचा अंगठा यांना जो नियम, तोच टेबल टेनिसच्या बॅटला. त्यामुळे कोच सर एका संध्याकाळी म्हणाले, "काका, खेळ सुधारलाय तुमचा, आता लाकूड बदला," तेव्हा मी पेचात पडलो. खेळ सुधारला म्हणून खर्च करायचा, हे घरी कोणत्या तोंडाने सांगणार? बिघडला असता तर निदान औषधपाण्याच्या खात्यात घालता आलं असतं.

सुधारणारा खेळाडू हा अडचणीचा प्राणी आहे. नवशिक्याला काहीच कळत नाही, म्हणून तो सुखी. पट्टीचा खेळाडू पोळपाट हातात दिला तरी जिंकतो. मधल्याला मात्र अर्धवट कळायला लागलेलं असतं. निम्मे टॉपस्पिन टेबलावर पडू लागले, की उरलेले निम्मे बॅटमुळे बाहेर जातात असा त्याला साक्षात्कार होतो. पेरूगेटाजवळच्या आमच्या हॉलमध्ये या मधल्यांचाच भरणा आहे. तिथे बॉल कुलपात असतात. फुटका जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि नुसता चेमटला असेल तर "गरम पाण्यात टाकून बघा" असं सांगून माणसाला परत पाठवतात. 2023 च्या जुलैत बालेवाडीला अल्टिमेट टेबल टेनिसचे सामने झाले, तेव्हा आम्ही डबे बांधून गेलो होतो. पेठेच्या हिशेबात बालेवाडी हे परगावच. येताना सामन्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाच्या हातात कोणतं ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, होतं, यावर मात्र डेक्कन येईपर्यंत वाद चालला.

घरी मी विषय वरून खाली आणला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेणारा चीनचा झांग जिके ज्या व्हिस्कारिया ब्लेडने खेळायचा, ते आपल्याकडे पाच आकडी किमतीला मिळतं, असं सांगितलं. म्हणजे त्याहून स्वस्त काहीही चालेल, ही पुढची पायरी होती.

"कशाचं असतं ते?" बायकोने विचारलं.

"लाकडाचं. तसा नियमच आहे. जाडीतला किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच हवा."

"आणि बाकीचे पंधरा टक्के काय, सोन्याचे?"

"कार्बनचे वगैरे. पण तो एकेक थर एकूण जाडीच्या साडेसात टक्के किंवा 0.35 मिलिमीटर, यातलं जे कमी भरेल त्याहून जाड असता कामा नये."

"म्हणजे जे दिसतसुद्धा नाही, त्याचे पैसे."

तिची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे लोक भरतात, हे तिला नवीन नाही. फक्त ते लोक दुसऱ्या घरातले असावेत, एवढीच तिची अपेक्षा. शेवटी बिनकार्बनच्या लाकडाला मंजुरी मिळाली.

टिळक रस्त्यावरच्या दुकानदाराने ब्लेड दाखवायच्या आधी मलाच बघायला मागितलं. "फोरहँड मारून दाखवा," म्हणाला. क्रिकेटची पॅडं आणि कॅरमची भुकटी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मी हवेत टॉपस्पिन मारला. फुटपाथवरचे दोघे थांबले. एकाने "गुडघा वाकवा" असंही सुचवलं. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला जोरकस ब्लेड नको. हात अजून कोपरातूनच येतोय. पाच प्लायचं ऑलराउंड न्या." बाहेरून लिंबा, आत आयुस, दोन्ही आफ्रिकेतली झाडं. कार्बनच्या पेटीला त्याने हातही लावू दिला नाही. महागाची वस्तू न विकल्याचं जे समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं, ते या गावाबाहेरच्या कुठल्याही व्यापाऱ्याला परवडणार नाही.

मग वजनाचा प्रश्न. ब्लेड 85 ग्रॅमचं की 90 चं, यावर मधला खेळाडू रात्र रात्र जागतो. स्वयंपाकघरातला काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारतो, म्हणून मी लक्ष्मी रस्त्यावरच्या ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी काच वर केली, लाकूड काट्यावर ठेवलं आणि गंभीरपणे आकडा सांगितला: 86.4. म्हणजे साडेआठ तोळ्यांच्या वर. गल्ल्यावरच्या त्यांच्या वडिलांनी चष्म्यावरून पाहत एवढंच विचारलं, "घडणावळ किती लावली?"

रबर चिकटवायचा कार्यक्रम जेवणाच्या टेबलावर झाला. पूर्वी लोक सामन्याआधी स्पीड ग्लू फासायचे. बॉलला वेग यायचा आणि फासणाऱ्याचं डोकं गरगरायचं. 2008 मध्ये त्यावर बंदी आली. आता पाण्यातला गोंद लावायचा, तो वाळू द्यायचा, आणि मग वर वजन ठेवायचं. वजनासाठी केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक खंड काढला. तो आमच्या घरी आजोबांच्या काळापासून आहे आणि बऱ्याच वर्षांनी उपयोगी पडला.

नव्या बॅटचा पहिला बॉल भिंतीवर गेला. दुसराही. जुनी बॅट मेलेली होती. तिच्यावर कसाही हात फिरवला तरी बॉल दमून टेबलावर पडायचा. नवीला मी मारलेलं सगळं खरंच वाटायचं. पण हॉलमधल्या एकानेही मला नाव ठेवलं नाही. "नवं लाकूड आहे, हात बसायला वेळ लागतोच," असं ज्याच्या-त्याच्या तोंडी. माझ्या मते ब्लेडची खरी वसुली याच वाक्यात होते. दुकानदार ते बिलात लावत नाहीत, हा त्यांचा भाबडेपणा.

हॉलमधले एक आजोबा मात्र असली सवलत देत नाहीत. निवृत्त हिशेबतपासनीस. एक बाजू काळी आणि एक लालच हवी, असा नियम 1986 मध्ये आला आणि 2021 पर्यंत चालला. आजोबांची बॅट 1986 च्याही आधीची. दोन्हीकडे सारखंच विटकरी रबर, पण एका बाजूने बॉल फिरतो आणि दुसऱ्या बाजूने अजिबात फिरत नाही. ते टेबलाखाली बॅट उलटसुलट करून सर्व्हिस करतात, आणि कोणती बाजू लागली हे आम्हाला पॉइंट गेल्यावर कळतं. नियम का करावा लागला, हे समजून घ्यायला आमच्या हॉलइतकी चांगली जागा नाही.

लाकडाचा विषय निघाला, की आजोबा 1952 वर येतात. त्या वर्षी जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिली. तोवर सगळे पिंपल्सच्या पातळ रबराने खेळत, आणि त्याच्या टकटक आवाजावरून फटक्याचा अंदाज घेत. जपानचा चष्मेवाला हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. तिला आवाजच नव्हता. भलेभले चाचपडले आणि सातो जगज्जेता झाला. 1959 मध्ये नुसत्या स्पंजावर बंदी आली; वर रबर हवं, आणि दोन्ही मिळून जाडी चार मिलिमीटरच्या आत. आजोबा हे सगळं पहिल्या रांगेत बसून पाहिल्यासारखं सांगतात. त्या वर्षी ते चौथीत होते आणि खडकीच्या पलीकडे गेले नव्हते.

"सातो आवाज न करता जिंकला," ते मला म्हणाले, "तुम्ही आवाज करून हरता."

परवा त्यांनी माझी नवी बॅट मागून घेतली, एक गेम खेळले, अकरा-चारने जिंकले आणि परत दिली.

"चांगली आहे. पण तुमच्या जुनीचं काय करणार?"

"पडून आहे."

"विकता का? मला तसलं मेलेलं लाकूड हवंच आहे."

मी किंमत सांगितली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बॉलच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर खरेदीच्या सालापासूनचा घसारा मांडला. त्यातून दोन्ही बाजूंच्या रबराची झीज वजा केली. मुठीपाशी माझ्या घामाने लाकूड काळं पडलंय, त्याचे वेगळे कापले. आकडा इतका खाली आला, की आता उलट मीच काही देणं लागेन अशी धास्ती वाटू लागली. मी हिशेब घरी नेला. बायकोने त्यात एक चूक शोधून दुरुस्त प्रत हॉलवर पाठवली. सध्या व्यवहार पन्नास रुपयांवर अडला आहे आणि बोलणी माझ्याशी नव्हे, तिच्याशी चालू आहेत.